थोरल्याची ढाल

आमच्या दारावर सव्वीस वर्षं एक ढाल टांगलेली होती आणि ती बेकायदा होती, हे आम्हाला तीन वर्षांपूर्वीच्या फेब्रुवारीत कळलं.

ढाल कसली, लाकडी फळीवर ठोकलेला पत्रा. त्यावर एक तांबडा सिंह मागच्या दोन पायांवर उभा आणि खाली आमचं आडनाव, इम्री. माझ्या नवऱ्यानं, म्हणजे वॉटीनं, ती एडिनबराच्या किल्ल्याखाली प्रवाशांसाठी दुकानं आहेत तिथून आणली होती. त्या दुकानात तोच सिंह शंभर आडनावांवर उभा होता. हे मी तिथंच पाहिलं होतं आणि तिथंच सांगितलंही होतं. पण माझं ऐकतो कोण? 'आमच्या कुळाचं चिन्ह आहे, थोरल्याच्याच दारावर शोभतं,' असं म्हणून वॉटीनं ते घरी आणलं आणि स्वतः शिडी लावून ठोकलं.

हे थोरलेपण मी सेहेचाळीस वर्षं ऐकत आले. वॉटी आणि टॅम जुळे भाऊ. त्यांचे वडील पीटर इम्री छपरांवर दगडी पाट्या बसवायचे. आमच्या कार्नहेवनमधली निम्मी घरं अजून त्यांच्याच पाट्यांखाली कोरडी झोपतात. पुढे दोघा पोरांनी तोच धंदा केला. वॉटी थोरला, कारण त्याचं नाव आजोबांचं. आमच्याकडे पहिल्या मुलाला बापाच्या बापाचं नाव द्यायचं आणि दुसऱ्याला आईच्या बापाचं, हे इतकं ठरलेलं की नाव सांगितलं की नंबर कळतो. आजोबा वॉल्टर म्हणून हा वॉल्टर, म्हणजे वॉटी; आईचे वडील थॉमस म्हणून तो थॉमस, म्हणजे टॅम. संपला विषय.

मग थोरल्याचं सगळं आलंच. खिमा भरून भाजलेल्या पाईचा पहिला तुकडा वॉटीचा. गाडीत पुढची जागा वॉटीची. वडिलांची हातोडी वॉटीची. छपरावर पहिला चढणार वॉटी, आणि खालून पाट्या पुरवणार टॅम. टॅम त्याला आयुष्यभर 'दादा' म्हणत आला, आणि वॉटीही ते घरपट्टीच्या पावतीसारखं हक्कानं घेत आला. एकदा मी टॅमला म्हटलं, "अरे, अर्ध्या तासाचा मोठा आणि त्याला दादा म्हणतोस?" तो नुसता हसला आणि म्हणाला, "नेटा, त्याला आवडतं, माझं काय जातंय?" मला मात्र राग यायचा. टॅमचा नाही, माझ्या नवऱ्याचा.

तर फेब्रुवारीत टॅमची मुलगी शोना घरी आली. ती गावच्या वाचनालयात काम करते. दारातच थांबून वर बघत म्हणाली, "वॉटीकाका, हे काढा बरं खाली."

"का गं? सिंहाला घाबरतेस?"

"सिंहाला नाही, कायद्याला. काल वाचनालयात एक व्याख्यान होतं. कुळाचं चिन्ह असं काही नसतंच म्हणे. ढाल एका माणसाची असते. लॉर्ड लायन म्हणून सरकारी अधिकारी असतात, त्यांच्या कचेरीतून रीतसर मिळवावी लागते, मग ती त्यांच्या वहीत चढते. वहीत नसलेली ढाल मिरवली तर गुन्हा. शेकडो वर्षांचा कायदा आहे आणि अजून चालू आहे."

"माझं आडनाव इम्री, ढालीवर इम्री लिहिलंय. यात गुन्हा कसला?"

"उद्या शेजारच्यांच्या चाव्या घेऊन फिरलात तर त्यांचं घर तुमचं होईल का?"

मला हसू आवरेना. वॉटीचे कान लाल झाले. त्यानं शिडी आणली, ढाल उतरवली, तिच्याकडे जरा वेळ बघितलं आणि कोळशाच्या खोलीत पालथी ठेवली. दारावर चार खिळ्यांची भोकं आणि स्वच्छ दगडाचा एक चौकोन राहिला. येणारा-जाणारा विचारायला लागला. आठवडाभर वॉटी मागच्या दारानं ये-जा करत होता.

आठव्या दिवशी तो म्हणाला, "मग रीतसर घेतो."

"एक्काहत्तराव्या वर्षी?"

"कायद्यात वयाची अट नाही. मी विचारलंय."

त्यानं खरंच त्या कचेरीत फोन केला होता. तिकडे मिस कॅरुथर्स नावाच्या बाई होत्या. फार सरळ बोलणाऱ्या. त्यांनी सगळं सांगितलं. एक अर्ज करायचा. जन्माचे, लग्नाचे, मृत्यूचे दाखले जोडायचे. ढालीवर काय हवं ते सुचवायचं, पण दुसऱ्या कुणाच्या ढालीसारखं दिसता कामा नये. मग महिने जातात. शेवटी चामड्याच्या कागदावर रंगवलेली ढाल आणि शिक्का येतो. खर्च ऐकून मी म्हटलं, एवढ्यात एक बरी जुनी गाडी येईल. वॉटी म्हणाला, "गाडीला गंज लागतो."

त्या शनिवारी टॅम नेहमीसारखा जेवायला आला. त्याची बायको बेटी वारल्यापासून शनिवार आमच्याकडेच. वॉटीनं मोठ्या थाटात बातमी सांगितली. टॅमनं काटा खाली ठेवला.

"म्हणजे ढाल तुझी."

"माझी. मग मी वर गेलो की..."

"तुला मूल नाही, दादा. तुझ्यामागं ती कुणाची?"

वॉटीनं एवढा विचारच केला नव्हता. त्या रात्री टॅमनं दुसऱ्यांदा पाई घेतली नाही. टॅमनं दुसरा तुकडा नाकारला, असं त्याच्या बायकोच्या अंत्यविधीनंतर पहिल्यांदाच घडलं. जाताना एवढंच म्हणाला, "शोनाची पोरं विचारत होती, आजोबा, आपली पण ढाल का? मी म्हटलं, बघू."

तो गेल्यावर वॉटी बराच वेळ बशी पुसत राहिला. सोमवारी त्यानं पुन्हा मिस कॅरुथर्सना फोन लावला. त्यांनी दुसरी वाट सांगितली. अर्ज मेलेल्या वडिलांच्या नावानं करता येतो. मग ढाल वडिलांची ठरते आणि तिथून खाली सगळ्या वंशाला मिळते. मोठ्या मुलाला आहे तशी, साधी. धाकट्याला तीच, पण भोवती एक कड लावून, म्हणजे लांबूनही ओळखू यावी की हा धाकटा.

मला माझ्या नवऱ्याचा अभिमान वाटला, खरंच वाटला. तो पुरतं अर्धं मिनिट टिकला. कारण लगेच टॅमला फोन लावून वॉटी काय म्हणाला, तर "साधी माझी, कडेची तुझी. चालेल ना?"

"चालेल की, दादा," टॅम म्हणाला. आणि त्या शनिवारी त्यानं दोन तुकडे खाल्ले.

मग जे दोन महिने गेले ते आमच्या घरातले फार चांगले दिवस होते. रोज संध्याकाळी चहाची भांडी सारून स्वयंपाकघरातल्या टेबलावर कागद पसरायचे. वॉटीला सिंह हवा होता. मिस कॅरुथर्सनी फोनवर विचारलं, "तुमच्या वडिलांचा सिंहाशी काही संबंध?" वॉटी म्हणाला, "त्यांनी सर्कशीत बघितला होता." सिंह गेला.

शेवटी ढालीचा रंग पाट्यांचा निळा ठरला. मध्ये वडिलांची हातोडी, आणि तिच्या दोन बाजूंना दोन पाकोळ्या. कारण आमच्या सासऱ्यांची एक खोड होती. वळचणीला पाकोळीचं घरटं असेल तर पिल्लं उडेपर्यंत ते तो कोपरा उचकटायचे नाहीत, मग मालकानं कितीही डोकं आपटू दे. पहिल्या चित्रात पाकोळ्यांना पाय नव्हते. ढालीवर पाखरं तशीच काढायची रीत आहे म्हणे. टॅम अस्वस्थ झाला.

"पाय नाहीत तर ती बसणार कुठे? बाबा काय म्हणतील?"

"बाबांना जाऊन पंचवीस वर्षं झाली," वॉटी म्हणाला.

"तरी."

मिस कॅरुथर्सनी पाय जोडून दिले. ढालीच्या वर एक ब्रीद लिहायचं असतं. त्यावर वाद झालाच नाही. सासरे रोज सकाळी गाडी सुरू करताना पोरांना जे बजावायचे तेच लिहायचं ठरलं: पाऊस बाहेर ठेवा.

आणि मग दाखले आले.

लिफाफा मी उघडला, कारण वॉटीचा चष्मा सापडत नव्हता. तो नेहमीप्रमाणे त्याच्या कपाळावर होता. आमच्याकडच्या पूर्ण जन्मदाखल्यावर नुसती तारीख नसते, तास आणि मिनिटंही लिहिलेली असतात. घरात आजवर जो होता तो छोटा दाखला, त्यावर वेळ नसते. आता दोघांचे पूर्ण दाखले एकावर एक होते. वरचा वॉल्टरचा, पहाटे तीन वाजून पस्तीस मिनिटं. खालचा थॉमसचा, पहाटे तीन वाजून दहा मिनिटं.

मी दोनदा वाचलं. मग उभी राहून तिसऱ्यांदा वाचलं. खोटं कशाला बोलू, पहिल्यांदा मला आनंद झाला. सेहेचाळीस वर्षं त्या थोरलेपणाचा तोरा सोसला होता मी. "वॉटी," मी म्हटलं, "चष्मा कपाळावर आहे. लाव आणि हे बघ."

त्यानं बघितलं. मग माझा आनंद कुठल्या कुठे गेला. त्याचा चेहरा असा झाला की जणू कुणीतरी त्याच्या पायाखालची शिडी काढून घेतलीये.

दोन दिवस तो मागच्या शेडमध्ये बसून होता. हत्यारांना तेल देत होता म्हणे. शुक्रवारी दुपारी आत आला आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "मी त्या बाईंना फोन करतो. बाबांच्या नावानं नको, माझ्या एकट्याच्याच नावानं करा म्हणतो. मग दोघांच्या दाखल्यांचा प्रश्नच येत नाही."

"आणि टॅमला काय सांगशील?"

"नियम बदलला म्हणून सांगेन."

"शोनाच्या पोरांना?"

तो टेलिफोनच्या वहीची पानं उलटायला लागला.

मी हातातलं फडकं टाकलं. "ऐक. मी टॅमला एक शब्द सांगणार नाही. तुमचं तुम्ही बघा. पण वॉटी इम्री, हा दाखला मी घड्याळाशेजारी ठेवतेय आणि तो तिथंच राहील. आणि उद्या त्याच्याशी खोटं बोलशील तेव्हा माझ्याकडे बघू नकोस."

"नेटा, मी एक्काहत्तर वर्षं थोरला आहे. उद्या सकाळी मी कोण?"

मला त्याची दया आली. मी त्याला चहा दिला आणि दाखला घड्याळाशेजारी ठेवला.

शनिवारी टॅम आला. येताना साखरेच्या वड्या घेऊन आला, शोनानं केलेल्या. मी पाई टेबलावर ठेवली आणि सुरी वॉटीपुढे केली, नेहमीसारखी. वॉटीनं पहिला तुकडा कापला. मग तो टॅमच्या ताटात ठेवला.

"आज काय, दादा? बरं नाही वाटत?"

वॉटी उठला, घड्याळाशेजारचे कागद घेतले आणि टॅमपुढे सरकवले. "मला दादा म्हणू नकोस. वाच."

टॅमनं चष्मा लावला. सावकाश वाचलं. मग म्हणाला, "तीन दहा. मला तीन पाच आठवत होतं."

वॉटीनं त्याच्या हातातला कागद ओढून घेतला.

"तुला माहीत होतं?" वॉटी म्हणाला.

"बेटीशी लग्न ठरलं तेव्हा मी पूर्ण दाखला काढला होता. वेळ बघितली आणि आईला विचारलं, वॉटी किती वाजता झाला? ती रडायलाच लागली." टॅमनं चहात साखर घातली. "मी मूठभर झालो होतो म्हणे. डॉक्टर म्हणाले, हा आठवडा काढणार नाही. खाली आजोबा येऊन बसले होते, नातवाला नाव मिळणार म्हणून. मग तू झालास, चांगला बटाट्याच्या पोत्यासारखा. आईनं आणि बाबांनी ठरवलं, वॉल्टर हे नाव जगणाऱ्याला द्यावं. माझ्याबरोबर मातीत कशाला घालवायचं? मला थॉमस दिलं. आईचे वडील आधीच गेले होते, त्यांचं मन दुखावणार नव्हतं."

"आणि तू जगलास," मी म्हटलं.

"मी जगलो. तोपर्यंत नावं लिहून झाली होती. नावावरून गावानंच कोण थोरला ते ठरवून टाकलं. आई म्हणाली, तुला हवं असेल तर मी सांगते सगळ्यांना. मी म्हटलं, नको."

वॉटीनं टेबलावर हात आपटला. "का नको? पन्नास वर्षं, टॅम! हातोडी तुझी होती. पुढची जागा तुझी होती. हा तुकडा तुझा होता!"

टॅमनं चमचा बशीत ठेवला.

"छपरावर आधी थोरला चढतो," तो म्हणाला.

"मग?"

"मला उंचीची भीती वाटते, वॉटी. पहिल्या दिवसापासून. तू आधी चढायचास, वर दोर बांधायचास, आणि तिथून ओरडायचास, ये रे टॅम, घट्ट आहे. मग मला चढता यायचं. तू वर असलास की यायचं. मी बोललो असतो तर बाबांनी मला आधी चढवलं असतं. पहिल्याच हिवाळ्यात खाली पडून मेलो असतो. तू पाईचे तुकडे खाल्लेस आणि मी जिवंत राहिलो. मला काही हा सौदा वाईट वाटला नाही."

वॉटी बोटं मोजायला लागला. "म्हणजे चाळीस वर्षं दवावर, बर्फावर, चर्चच्या मनोऱ्यावर, तुझ्या वाटचा मी चढलो?"

"हो."

"चर्चच्या मनोऱ्यावर मी दोनदा घसरलो!"

"मी बघत होतो की खालून," टॅम म्हणाला. "फार काळजी वाटली."

आधी मी हसले. मग टॅम. वॉटीनं आमच्याकडे रागानं बघितलं, आणि मग तो इतका हसला की त्याला ठसका लागला, आणि ठसका थांबल्यावरही डोळे पुसतच राहिला. मग त्यानं टॅमच्या ताटाकडे बोट दाखवलं. "गार होतंय. खा आधी."

सोमवारी अर्ज गेला, वडिलांच्याच नावानं. वॉटीनं मिस कॅरुथर्सना स्वतः सांगितलं की साधी ढाल टॅमची, कडेची माझी. कड कुठल्या रंगाची हवी, असं त्यांनी विचारलं. वॉटी म्हणाला, "शिशाची." बाई म्हणाल्या, ढालीच्या रंगांत शिसं नसतं, चांदी असते. वॉटी म्हणाला, "चालेल, मला ती शिसंच दिसेल. बाई, छप्पर मधोमध कधीच गळत नाही. जिथं ते भिंतीला मिळतं तिथं गळतं. तिथं आम्ही शिशाची पट्टी मारतो. कड लागतेच." फोन ठेवल्यावर तो माझ्याकडे बघून म्हणाला, "उद्या सकाळी मी कोण, असं विचारलं होतं ना तुला? कळलं मला. मी कड."

पुढच्या वर्षी सप्टेंबरात ढाली आल्या. चामड्याच्या कागदावर, लाल शिक्क्यासह, आणि पाकोळ्यांना पाय होते. शोनाच्या पोरांनी पहिल्यांदा तेच तपासलं. कागद चौकटीत गेले. पण दारावर लावायला टॅमनं एक ओकची फळी रंगवून घेतली. आमचं जुनं शेड, जिथून दोघांनी उभा जन्म धंदा केला, त्याच्या दारावर वडिलांची साधी ढाल लावायची ठरली.

वॉटीनं शिडी लावली आणि सवयीनं पहिल्या पायरीवर पाय ठेवला. टॅम म्हणाला, "थांब."

"काय?"

"मी चढतो."

"वेडा आहेस का? बहात्तर वर्षांचा झालास."

"तू पण तेवढाच आहेस. पंचवीस मिनिटं कमी."

शेडचं दार काही मनोरा नव्हे, सहा पायऱ्यांचं काम. पण टॅम प्रत्येक पायरी आधी पायानं चाचपून मगच वजन टाकत होता. वॉटीनं दोन्ही हातांनी शिडी धरली आणि एक पाय खालच्या पायरीवर रोवला, अंगातलं सगळं वजन घालून. चौथ्या पायरीवर टॅम थांबला. हातातली ढाल भिंतीला लागून खडखडत होती.

"सोडू नकोस," तो वरून म्हणाला.

"नाही सोडत," वॉटी म्हणाला. "चढ, दादा. घट्ट आहे."